साडीचं कव्हर

टॉवेल रविवारचा होता. प्रबुद्ध पोहून आला, ओला टॉवेल कॅरीबॅगमध्ये कोंबून गाठ मारली, पिशवी बाथरूमच्या दारामागं अडकवली आणि विसरला. आज बुधवार. मशीन लावायचं म्हणून प्रज्ञानं सकाळी ती गाठ सोडली, आतला वास नाकात गेला आणि ती दोन पावलं मागं सरली. कंबर बेसिनवर आपटली. वास काही जगावेगळा नव्हता. कुणाच्याही घरात कधीतरी येतो तसला, कोंदट, आंबूस, खाली कुठंतरी गोडसर. टॉवेलच्या घडीवर मोहरीएवढे काळे ठिपके धरले होते. तिनं ते ठिपके पाहिले आणि तिचं डोकं फिरलं. "प्रबुद्ध!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की तो दाढीचा फेस तोंडावर तसाच घेऊन दारात आला. "ओलं कापड प्लास्टिकमध्ये ठेवायचं नाही, हे किती वेळा सांगायचं या घरात? किती वेळा?" "अगं, टॉवेलच आहे ना," तो म्हणाला, "सोड्यात भिजवला की जाईल वास." जाईल म्हणे! तिला तो टॉवेल त्याच्या अंगावर भिरकावावासा वाटला आणि तिनं तो भिरकावला. मग स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला धरून उभी राहिली. हे सांगणारे आपण कोण, असं ओरडता ओरडताच तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि टॉवेलपेक्षा तिला त्याचाच राग आला होता.

पर्समध्ये कागद होता. सोमवारपासून होता. एका पानाचा, टाइप केलेला, खाली तिचं नाव आणि हुद्दा, आणि नावाच्या वर सहीपुरती मोकळी जागा. प्रज्ञा फॉरेन्सिकच्या फिरत्या व्हॅनवर वैज्ञानिक सहायक होती. नवा कायदा आल्यापासून मोठ्या शिक्षेचा गुन्हा म्हटला की पोलिसांबरोबर तिची गाडी जायलाच लागायची, आणि जुन्नर, आंबेगाव हे तालुके तिच्याकडं होते; मूळची शिनोलीची, रस्ते माहीत, म्हणून. रक्त, केस, माती, कापड, काचेचा चुरा. जे जिथं पडलंय ते तिथंच मोजायचं, फोटो काढायचे, उचलायचं, पाकिटात घालायचं, पाकिटावर लिहायचं. बारा वर्षं ती हेच करत होती आणि पोलिसांच्या शिबिरांत हेच शिकवत होती. ओलं कापड सावलीत वाळवा. वाळलं की कागदात घाला. प्लास्टिकमध्ये ते घामेजतं, बुरशी धरतं, आणि रक्तातलं जे आपल्याला पाहिजे असतं नेमकं तेच जातं. बुरशीला जेवायला घालू नका, असं ती म्हणायची आणि समोरचे हवालदार हसायचे. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेचा अहवाल आला. एक पांढरी साडी. पाकीट उघडलं असता आत चेन असलेलं प्लास्टिकचं साडीचं कव्हर. साडी कुजलेल्या अवस्थेत, बुरशीयुक्त. डीएनए मिळून आला नाही. पंचनाम्यात 'कागदी पिशवीत सीलबंद' असं लिहिलेलं असताना आत प्लास्टिक कसं निघालं, याचा खुलासा कोर्टानं मागवला होता. शुक्रवारपर्यंत. आरोपीच्या जामिनाची तारीखही शुक्रवारचीच होती.

साडी स्नेहाची. आणे गावच्या वस्तीवरची, सव्वीस वर्षांची, नर्सिंग शिकलेली पोरगी. ओतूरला दिलेली. नवरा रुपेश, विहिरीवरच्या मोटारींची जळालेली तार नव्यानं गुंडाळून, रिवाइंडिंग करून देण्याचं त्याचं दुकान. दोन वर्षं तिनं मार खाल्ला आणि फेब्रुवारीत आईकडं निघून आली. मे महिन्यात, बुद्ध पौर्णिमेला दोन दिवस राहिले असताना, आई रानात गेलेली बघून कुणीतरी घरात शिरलं आणि तिचं डोकं वाटणाच्या पाट्यावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. रुपेशचं म्हणणं, मी त्या दिवशी ओतूर सोडलंच नाही. त्याचा मोबाइल खरोखरच दिवसभर दुकानात होता, चार्जिंगला लावलेला. भर दुपारी वस्तीवर चिटपाखरू नव्हतं, कुणी त्याला पाहिलं नाही. पण जाताना त्यानं हात पुसला होता. अंगणात दोरीवर स्नेहानं तासाभरापूर्वी धुऊन वाळत घातलेली पांढरी साडी होती, लग्नातली, पौर्णिमेला विहारात नेसायची म्हणून काढलेली. तिच्या पदराला पुसला होता. रुपेशच्या तळहाताला दोन दिवस आधी तांब्याची तार लागून टाके पडले होते. झटापटीत ते उसवले. पदरावर चार बोटं उमटली होती आणि तळव्याच्या जागी पट्टीची सरळ कड. ओल्या कापडावर डाग जरा फुटला होता, पण कड स्पष्ट होती. त्याच संध्याकाळी ओतूरच्या एका डॉक्टरनं त्याला परत टाके घातल्याची नोंद होती. डाग त्याच्या रक्ताचा निघाला की तो तिथं होता हे ठरलं, एवढं साधं होतं सगळं. आणि आता तो डागच उरला नव्हता, त्याचा फोटो उरला होता.

त्या दिवशी ऊन असं होतं की व्हॅनच्या दाराला हात लावला की चटका बसायचा. स्नेहाला पोस्टमॉर्टेमला नेलेलं. ओसरीत बायका बसल्या होत्या, त्यांच्यात भिंतीला टेकून चिमाबाई, स्नेहाची आई, पासष्टीची, हातापायांनी काटक. रडत नव्हती. येणाऱ्या प्रत्येक पोलिसाला पाणी दिलं का, एवढंच जावेला विचारत होती. प्रज्ञानं साडीचे फोटो घेतले, शेजारी मोजपट्टी धरून, वेळेसकट. मग हातमोजे बदलून, सावलीतल्या दोरीवर घडीत वाळत घातल्यानं आतून अजून ओली असलेली साडी उतरवली, डागाला कुठं घासू न देता, आणि खाकी कागदाची मोठी पिशवी उघडली. तेव्हा चिमाबाई उठली. "त्यात घालनार व्हय?" तिनं विचारलं. कागदातच घालावी लागते आई, नियम आहे, असं प्रज्ञा म्हणाली. "वाण्याच्या पुडीगत?" म्हातारी अगदी जवळ आली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "माजी सासू दुकानाच्या पायरीखाली हुबी ऱ्हायची. वाणी वरनं पुडी टाकायचा, आसल्याच खाकी कागदातली. फुटली की मीठ मातीत. ते येचून आनायची ती घरी. पांढरी साडी हाय ही, ताई. पोरीनं लग्नात नेसलेली. तसल्या कागदात नगं." आणि आत जाऊन ती कव्हर घेऊन आली. चेनचं, पारदर्शक, आत गुलाबी पुठ्ठा, दुकानाचं नाव घासून पुसट झालेलं. "ह्यात ऱ्हायची ती," ती म्हणाली, आणि पोलिसांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुढं म्हणाली, "जय भीम." प्रज्ञाच्या छातीवरची नाव-आडनावाची पट्टी कुणीतरी तिला वाचून दाखवली असावी.

प्रज्ञानं तिथं नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला म्हटलंही असतं. पण ती पुडी तिच्या ओळखीची होती. शिनोलीची तिची आजी, जानकाबाई, तीच गोष्ट सांगायची; फक्त मिठाच्या जागी गूळ असायचा. सांगताना आजी हसायची, वाण्याच्या हाताची नक्कल करायची, लहानपणी प्रज्ञाही खिदळायची. पण मरेपर्यंत आजीनं कागदातल्या जिनसेला हात लावला नाही. आधी डब्यात ओतायची, कागद चुलीत घालायची, मग डब्यातून घ्यायची. खाकी पिशवी हातात धरून उन्हात उभ्या असलेल्या प्रज्ञाला चुलीत जळणाऱ्या त्या कागदाचा वास आला, आणि बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा तिचा हात अडला. "आत्तापुरती यात घालते, आई," ती म्हणाली. "गाडीत गेल्यावर कागदाच्या पिशवीत बदलते. ओलं कापड प्लास्टिकमध्ये राहिलं तर कुजतं. कागदात टिकतं. तेवढं मात्र मला करू द्या." चिमाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "कुजतं?" "हो." "मंग बदला. गाडीत बदला. तितं मला दिसनार न्हाई." आणि स्वतः चेन ओढून तिनं कव्हर बंद केलं. हवालदार बहिरू हे सगळं लांबून मोबाइलवर चित्रित करत होता, तेही आता सक्तीचं झालंय. पण म्हातारी कव्हर घेऊन दारातून येते इतकंच त्याच्या चित्रणात आलं. पुढं उन्हानं फोन तापला आणि बंद पडला.

बदलायचं राहिलं. लोक म्हणतात तसं, राहिलं. वस्तीवरच्या शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून साडी वाळवायची आणि मग पिशवीत घालायची, असं तिनं ठरवलं होतं. कव्हर व्हॅनच्या सीटवर ठेवून ती पाट्यावरचे नमुने घ्यायला आत गेली, तेवढ्यात फोन आला, आंबेगावच्या पार पश्चिमेला दुसरा स्पॉट, लगेच निघा. ती बाहेर आली तर एरवी ढिम्म न हलणाऱ्या बहिरूनं त्या दिवशी नेमकी कामाची घाई केलेली. साडीचं पाकीट पांढऱ्या फडक्यात बांधून वर लाख लावली होती, दोन्ही पंच सही करून चपला घालत होते. पंचनामा आधीच लिहून तयार होता, 'कागदी पिशवीत' असं छापल्यासारखं नेहमीचं वाक्य. "मॅडम, तेवढी सही द्या, पावणं निघाल्यात," बहिरू म्हणाला. तिनं पाकीट हातात घेतलं. फडक्यावरून बोटाला टणक काहीतरी लागलं. चेन. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, प्रबुद्धलाही नाही. बोटाला चेन लागली होती. लाख फोडायची म्हणजे पंच परत बसवा, पंचनामा परत लिहा, तास जाणार. दोन दिवसांत लॅबला जाईल, दोन दिवसांत काय होतंय, असं मनाशी म्हणून तिनं सही केली. पाकीट बावन्न दिवस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत पडून राहिलं, पत्र्याखाली, कारण सोबतच्या पत्रावर कुणाची तरी सही व्हायची होती. बावन्न दिवस ऐकले तेव्हा ती ठाण्यात जाऊन टेबलावर हात आपटून आली होती. तिथं आपटलेला हातही तिचाच आणि सही केलेलाही तिचाच.

तपास अधिकारी सुदर्शन यांनी सोमवारी तिला बोलावलं. चहा मागवला. "मॅडम, सोपं आहे," ते म्हणाले, आणि कागद पुढं सरकवला. फोटो काढून झाल्यावर आमची नजर चुकवून मयताच्या आईनं साडी हाताळली व स्वतःजवळच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातली, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं. "व्हिडिओत म्हातारी कव्हर घेऊन येताना दिसतेच आहे. पुढचं काही नाही. झालं." प्रज्ञानं कागद दोनदा वाचला. "साहेब, आईनं साडी हाताळली असं आपणच लिहून दिलं, तर त्याचा वकील काय म्हणेल? डाग आईनंच लावला म्हणेल. जावयाला अडकवायला. मग फोटो गेला, डॉक्टरची नोंद गेली. काय राहिलं?" "ते कोर्ट बघेल," सुदर्शन म्हणाले. "आपल्या नोकऱ्या राहतील." मग त्यांनी आवाज मायाळू केला, आणि तो मायाळूपणाच तिला जास्त लागला. "नाहीतर बाहेर काय बोलतील, मी सांगायला पाहिजे का? आपल्या समाजाची बाई म्हणून मॅडमनी नियम वाकवला. आधीच लोक कोट्यातनं आलेल्या म्हणतात. मी नाही म्हणत. लोक म्हणतात." लोक! ह्या लोकांचा तिला कधी पत्ता सापडला नव्हता. ते कायम कुणाच्या तरी तोंडून बोलायचे, चहा पिता पिता, तिच्या भल्यासाठी.

आणि खरं सांगायचं तर सुदर्शननी बरोबर तिथंच बोट ठेवलं होतं. तिचे वडील, भागुजी, घोडेगावला कचेरीत शिपाई होते. ती नोकरीला लागली तेव्हा पेढा खाता खाता ते म्हणाले होते, "त्यांच्यातल्या मान्साची चूक झाली तर ती त्याची एकट्याची आस्ती. आपल्यातल्याची झाली तर ती आपल्या समद्यांची आस्ती. ध्येनात ठिव." तिनं ते इतकं ध्यानात ठेवलं की लेबल तीनदा तपासल्याशिवाय ती पाकीट सोडायची नाही, रजेवर असली तरी फोन करून नंबर विचारायची, ऑफिसात तिला मागून काय म्हणत ते तिला माहीत होतं. बारा वर्षांत एक चूक नाही. आणि चूक करायची सवयच नसल्यानं चूक झाली हे म्हणायचीही सवय नव्हती. दुसऱ्या कुणी किती सहज म्हटलं असतं, राहिलं बुवा, आणि लोकांनी पाठ थोपटून विषय मिटवला असता. तिला सुदर्शनचा राग होता, बहिरूचा होता, बावन्न दिवस सही न करणाऱ्या त्या बिनचेहऱ्याच्या माणसाचा होता, वडिलांचा होता. आणि मंगळवारी दुपारी ऑफिसात डबा खाताना तिला एकदम चिमाबाईचाही राग आला होता. काय नडलं होतं त्या कव्हरावाचून? पोरगी मेली आणि ही कव्हर घेऊन बसली. तो राग आला तशी तिची तिलाच शिसारी आली आणि डबा तसाच झाकून तिनं तो परत आणला होता.

प्रबुद्ध तोंड पुसत स्वयंपाकघरात आला. टॉवेल त्यानं बादलीत घातला होता. "तो कागद आहे ना अजून," तो जपून म्हणाला. बँकेतला माणूस, कुठल्याही कागदाचा निकाल लागला की त्याला बरं वाटायचं. "सही करून टाक, प्रज्ञा. त्या बाईंना काही शिक्षा होणार नाहीये त्यात. आणि त्यांना कळणार तरी कसं? वाचता कुठं येतंय त्यांना." तो वाईट माणूस नव्हता. तिच्या काळजीनंच बोलत होता. पण वाचता कुठं येतंय हे ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे वाण्यानं निदान समोर पुडी टाकली होती, डोळ्यांदेखत. आपण हे मागच्या मागं टाकणार. तिनं पर्स उचलली, चप्पल घातली, जिन्यातून ऑफिसला रजेचा फोन केला आणि रिक्षानं स्टँडवर गेली.

आळेफाट्यापर्यंतच्या गाडीत खिडकीशेजारी बसून तिनं सुदर्शनना चार-पाच वेळा उत्तरं दिली. प्रत्येक वेळी आधीपेक्षा झणझणीत. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरलेल्या गाड्यांच्या रांगेत बस अर्धा तास अडकली आणि तेवढ्यात उत्तरं संपली. तिला तो वास परत येत होता. हात हुंगून बघितला, साबणाचाच वास होता. नाकात वास राहतो असं ती शिबिरात नेहमी सांगायची. नव्या पोरांना ते पहिल्या आठवड्यात कळतं. पण तिला आणखी एक गोष्ट कळत होती, की रुपेश या वेळी ओतूरला दुकानाच्या मागं त्याच्या बापाच्या घरातून कुणाकुणाशी बोलणं लावत असेल, म्हणजे त्याचे लोक लावत असतील, तो तर तुरुंगात होता. आणि शुक्रवारी तो बाहेर असेल. तळहातावर एक बारीक पांढरी रेघ घेऊन. ती रेघही आता कुठल्याही मोटारीच्या तारेची. आळेफाट्याला उतरून जीपमध्ये पुढच्या सीटवर तिसरी म्हणून ती दाटीनं बसली. घाट चढून गाडी पठारावर आली, वारा लागला, दोन्ही बाजूंना बाजरीची काढणी चालली होती. आपण तिथं जाऊन नेमकं काय बोलणार आहोत, हे तिला अजून माहीत नव्हतं. पर्समधल्या कागदावरची जागा मोकळीच होती, आणि खरं म्हणजे पेनही होतं.

चिमाबाई अंगणात कणसं पसरत होती. तीच दोरी, रिकामी. तिनं प्रज्ञाला लांबूनच ओळखलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "या ताई. मला वाटलंच व्हतं, यचाल म्हनून." बसा म्हणाली नाही, आधी आतच घेऊन गेली. पाटा कुठं दिसत नव्हता. त्या जागी पेटी होती, पत्र्याची. चिमाबाईनं खाली बसून तिचं झाकण उघडलं. आत खाकी कागदाच्या पिशव्या होत्या. ओळीनं उभ्या लावलेल्या, प्रत्येकीचं तोंड दुमडून दोऱ्यानं शिवलेलं, वर कुणाच्या तरी शाळकरी अक्षरात लिहिलेलं. स्नेहा, ड्रेस. स्नेहा, स्वेटर. स्नेहा, कंगवा. स्नेहा, नर्सिंगची वही. "वाण्याकडनंच आनल्या," चिमाबाई म्हणाली. "पयले चार दिस हात लावू वाटंना. लई जड ग्येलं. पर तुमी म्हनला व्हता, कागदात टिकतं. म्हनलं, आपल्या मनाचं जाऊ द्या. पोरीचं टिकाया पायजे. कोर्टानं उद्या काय मागितलं तर म्हनायला नगं, चिमाबाईनं कुजवलं." तिनं एक पिशवी उचलून प्रज्ञाच्या हातात दिली. कोरडी होती, हलकी, आत काहीतरी खुळखुळलं. "आन साडीची पिशवी बदलली व्हती न्हवं? गाडीत?"

प्रज्ञाच्या हातात पिशवी होती. बाहेर कणसांवर कोंबडी आली होती, तिला हाकलायला कुणी उठलं नाही. हो म्हणता आलं असतं. फार सोपं होतं, म्हातारीला कुठं लॅबचा अहवाल वाचता येणार होता. "नाही," प्रज्ञा म्हणाली. मग म्हातारीकडं बघून तिनं परत म्हटलं, "नाही बदलली. सील लावलेलं पाकीट हातात घेतलं तेव्हा बोटाला चेन लागली होती. मला कळलं होतं. तरी मी सही केली. साडी कुजली, आई. डागातून काही निघालं नाही." चिमाबाईनं प्रज्ञाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि जागच्या जागी ठेवली. "म्हंजी तो सुटनार." "फोटो आहे. डॉक्टरचं लिहिलेलं आहे. पण त्याच्या आधी हे आहे," असं म्हणून प्रज्ञानं पर्समधला कागद काढला आणि वाचून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, 'नजर चुकवून' आणि 'हाताळली'सुद्धा. वाचताना तिला शब्दाशब्दाला लाज वाटत होती आणि थांबायचं नव्हतं.

"म्हंजी मी क्येलं," चिमाबाई म्हणाली.

"असं लिहिलंय."

"तू लिवलं?"

"साहेबांनी. सही माझी मागतायत."

तुमीचं तू झालं होतं. चिमाबाईचे डोळे कोरडे होते, आणि त्यात आता जे होतं ते प्रज्ञाला नीट ओळखता आलं, कारण सकाळपासून ते तिच्याही अंगात होतं. "कव्हर मी दिलं," म्हातारी म्हणाली. "ते मी कोर्टात सांगन. मला त्याची लाज न्हाई. माझ्या मनाला वाटलं, मी दिलं. पर गाडीत बदलते, ह्ये तू म्हनली व्हतीस. तितं दोगीच व्हतो आपुन. ते कोन सांगनार?"

"मी."

"कवा?"

"शुक्रवारी."

"शुक्रवार लांब हाय. हितं लिव. माझ्या म्होरं."

प्रज्ञानं तो टाइप केलेला कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. पेटीचं झाकण लावून त्यावर तिनं कागद ठेवला. लिहायला वेळ लागला नाही; इतके दिवस पाठ होऊनच बसलं होतं ते. साडी ओली असताना प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घेण्याचं मी मान्य केलं. ती कागदी पिशवीत बदलण्याचं मी स्नेहाच्या आईला कबूल केलं होतं. मी बदलली नाही. सील झाल्यावर हे माझ्या लक्षात आलं होतं आणि तरीही पंचनाम्यावर मी सही केली. दोरीवरून साडी मी स्वतः उतरवली. स्नेहाच्या आईनं डागाला हात लावलेला नाही. उद्या हे रीतसर लेटरहेडवर लिहावं लागणार होतं, सुदर्शन काय म्हणतील ते म्हणणार होते, चौकशी लागणार होती, आणि ते लोक, ते तर बोलणारच होते. लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचलं. चिमाबाईनं पापणी न हलवता ऐकलं, आणि 'कबूल केलं होतं' तिथं हात वर करून परत वाचायला लावलं. प्रज्ञानं परत वाचलं. "सही कर," चिमाबाई म्हणाली. तिनं केली. तारीख घातली.

पोरगी मेली त्या दिवशी प्रत्येक पोलिसाला पाणी पाजणाऱ्या त्या घरात आज पाणी विचारलं गेलं नाही, आणि प्रज्ञानंही मागितलं नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, चप्पल घातली, अंगणात आली. चिमाबाई तिच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत आली होती आणि कोंबडीला हाकलायला खाली वाकून खडा शोधत होती.

"जय भीम, आई," प्रज्ञा म्हणाली.

चिमाबाईनं खडा मारला. कोंबडी फडफडत कणसांवरून उठली. "आदी कोर्टात सांग," ती म्हणाली. "मंग म्हन."